बाजूला ठेवलेल्या खुर्च्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो आहे हे खरं, पण नमस्कारासाठीच वाकलो असं मात्र नाही. गोदामातल्या खुर्च्या हलवून कंबर धरली आहे आणि ती सरळ व्हायला तयार नाही. वाकलोच आहे तर नमस्कारही उरकून घेतो.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीची तब्येत, बाळाची झोप आणि भावोजींची जागरणं यांची खुशाली कळव. बाळ कुणासारखं दिसतं यावरून तिकडे दोन तट पडल्याचं ऐकलं. फोटो मीही पाहिला. सध्या ते कुणासारखंच दिसत नाही, आणि हा त्याचा मोठाच गुण आहे. पुढेमागे आपल्या घराण्याचं नाक उगवलंच, तर मामाआजोबा या नात्याने मी त्याच्या पाठीशी उभा राहीन. इकडे सगळं उत्तम आहे. दुकान जागेवर आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं अक्षर पाहून तुझा हात छातीवर गेला असणार.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू फक्त "हं, पुढे?" एवढंच म्हणतेस, आणि त्या एका "पुढे"मुळे मी जे शेवटी सांगायचं ठरवलेलं असतं तेच आधी ओकून मोकळा होतो. पत्रात गोष्ट माझ्या क्रमाने सांगता येते. तेव्हा कृपा करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. (वाचलंस ना? असो.)

भाचीच्या बाळंतपणाला निघताना तू किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "फक्त बस. काही करू नकोस." खुर्च्यांच्या दुकानात माणसाला फक्त बसायला सांगणं यात काही कठीण आहे असं वरवर पाहता वाटत नाही. शिवाय तू चारचौघांत हेही सांगून गेलीस, की परत आल्यावर सगळं जागच्या जागी दिसलं तर मला कायमचं काउंटरवर घ्यायचं का याचा विचार करशील. नाहीतर दुकानाची वेबसाइट बंद, आणि मीही आपला रस्ता धरायचा. तेव्हा सगळे माझ्याकडे बघून जे हसले ते मी विसरलेलो नाही. आरंभशूर म्हणून माझी ख्याती आहे, मान्य. फोटो स्टुडिओ सुरू केला, शोभेच्या माशांचा धंदा सुरू केला, बासरीचे वर्ग सुरू केले. (यातलं शेवटचं शेजाऱ्यांनी बंद पाडलं, त्याचा दोष माझ्याकडे नाही.) पण या वेळी मी एक काम हाती घेतलं आणि शेवटाला नेलं. ते थोडं शेवटाच्याही पुढे गेलं, एवढंच.

त्याचं असं झालं. मी बसलो. अगदी तू सांगितलंस तसा बसलो. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ना, तसा मी आपल्या वेबसाइटच्या आत डोकावलो. बघतो तर माणसं येतात, खुर्ची निवडतात, कार्टमध्ये टाकतात आणि नाहीशी होतात. कुणाच्या कार्टमध्ये आरामखुर्ची, कुणाच्या कार्टमध्ये डुलती खुर्ची, एका दंतवैद्याच्या कार्टमध्ये तर अख्खी प्रतीक्षाकक्षाची रांग. सगळ्या तशाच पडून. मला ही माणसं ओळखीची वाटली. हीच माणसं दुकानात येऊन खुर्चीवर हात फिरवतात, बसून बघतात, पुन्हा बसून बघतात आणि म्हणतात, "ही बाजूला ठेवा, घरी विचारून येतो." आणि तू म्हणतेस, "ठेवते की."

आता ताई, आपण दोघं सख्खी भावंडं आहोत, तेव्हा स्पष्ट बोलायला हरकत नाही. तू कधीही काहीही बाजूला ठेवत नाहीस. गिऱ्हाइकाची पाठ वळली की तू तीच खुर्ची पुढच्याला दाखवतेस. तुझं म्हणणं असं, की घरी विचारायला गेलेला माणूस घरीच राहतो. आणि चुकून एखादा आलाच, तर "तुमचीच ना? आत ठेवली आहे" असं म्हणून तू आतल्या खोलीत जातेस, जरा खुडबुड करतेस आणि तसलीच दुसरी घेऊन येतेस. या विद्येबद्दल मला आदरच आहे. मला फक्त एवढंच वाटलं, की दुकानात जी सोय आहे ती वेबसाइटवरही हवी. कार्ट म्हणजे घेण्याची जागा. पण ज्याला नुसतं मनात ठेवायचं आहे त्याने कुठे ठेवावं? यालाच शहाणी माणसं विशलिस्ट म्हणतात. मी तिला आपल्या दुकानाच्या भाषेत "बाजूला ठेवा" असं नाव दिलं, आणि प्रत्येक खुर्चीच्या कोपऱ्यात एक छोटं हृदय काढलं. (तुझ्या भावजयीने ते पाहिलं आणि लग्नापासून आजवर तिच्यासाठी मी कशावरही हृदय काढलेलं नाही, आणि काढलं ते स्टुलावर, असं सुनावून ती आत गेली. त्या दिवशी मी भांडी घासली.)

वेबसाइट बनवणारा तो संगणकवाला फोन उचलत नाही, तेव्हा काम मीच केलं. अवघड नसतं गं. एक गोष्ट चालत असेल तर तिच्यासारखी दुसरी करायची. कार्ट चालत होतं. मी कार्टचं सगळं लिखाण उचललं, शेजारी चिकटवलं, जिथे कार्ट होतं तिथे "बाजूला ठेवा" लिहिलं आणि पैसे भरण्याचा भाग कापून टाकला. चाचणीसाठी कुणीच घेणार नाही अशा वस्तू हव्या होत्या, म्हणून दुकानातल्याच दोन जुन्या वस्तूंचे फोटो काढून, किंमत न लिहिता, टाकून दिले. एकीवर माझ्या नावाने हृदय दाबलं. लाल झालं. काय सांगू ताई, इतका आनंद मला माशांच्या पहिल्या पिल्लांच्या वेळीही झाला नव्हता.

पहिल्या दिवशी थोडी गडबड झाली. प्रत्येकाची यादी त्याच्या त्याच्या नावाखाली साठवायची असते. मी सगळ्यांची एकाच नावाखाली साठवली, म्हणजे आपल्या दुकानाच्या. त्यामुळे ज्याने त्याने दाबलेलं हृदय सगळ्यांनाच दिसू लागलं. दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. बाईंनी एक साधी वाचनाची खुर्ची पसंत केली होती, आणि आता त्यांच्या यादीत मद्यालयातली उंच स्टुलं आली होती, चांगली अर्धा डझन. बाईंचं म्हणणं, हे खातं त्यांचा मुलगाही उघडतो, आणि आई या वयात घरात काय थाटते आहे असं त्याने विचारलं तर काय सांगायचं? मी म्हणालो, यादी लगेच दुरुस्त करतो. बाई म्हणाल्या, "दुरुस्त करून मला दाखवा." मी केली आणि दाखवली. शाळेत असताना मी एवढ्या तत्परतेने काही केलं असतं, तर आज घराण्यात माझं वेगळं स्थान असतं. बाई मात्र तेव्हापासून रोज संध्याकाळी वेबसाइटवर येतात आणि एकेक खुर्ची नीट तपासतात. त्या आता आपल्याच आहेत.

त्यानंतर जे झालं त्याला मी यश म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात वेबसाइटवर एकेका खुर्चीखाली "शिल्लक नाही" अशी अक्षरं उमटू लागली. आधी आरामखुर्च्या गेल्या, मग फिरत्या, मग घडीच्या. मी काउंटरवर बसून पाहत होतो आणि छाती फुगत होती. पैसे अजून खात्यावर दिसत नव्हते, पण बँका सावकाश चालतात हे कुणाला माहीत नाही? डुलत्या खुर्च्या संपल्या तेव्हा मी थेट मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो आणि नेहमीच्या दुप्पट डुलत्या खुर्च्या सांगून आलो. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, "ताईंना विचारलंय ना?" मी म्हणालो, ताईंनी सगळं माझ्यावर सोपवलं आहे. (किल्ल्या दिल्यास म्हणजे सोपवलंसच.) येताना मी तुझ्या भावजयीसाठी फुलं घेतली. तिने ती फुलदाणीत ठेवली आणि विचारलं की सगळ्या खुर्च्या गेल्या, तर त्या नेणारा टेम्पो एकदाही दारात कसा दिसला नाही? हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता, हे मी तिच्याजवळ कबूल केलेलं नाही. तुझ्याजवळ करतो.

रस्ता ओलांडून मी गोदामात गेलो. दार उघडलं आणि दारातच थबकलो. आपल्या सगळ्या खुर्च्या, एकूण एक, दाराकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या हाताला सुतळीने एकेक चिठ्ठी बांधलेली. सभा भरली आहे, फक्त माणसं यायची आहेत, असं ते दृश्य होतं. शेवटच्या रांगेत आपले गोदामकाका गुडघ्यावर बसून एका स्टुलाला गाठ मारत होते. मला पाहून म्हणाले, "या. आता जागा नाही. पुढच्या चिठ्ठ्या आल्या तर खुर्च्या खुर्च्यांवर ठेवाव्या लागतील."

उलगडा असा झाला. कार्टमध्ये ऑर्डर झाली की गोदामातल्या प्रिंटरवर चिठ्ठी छापली जाते, आणि चिठ्ठी छापली की संगणक शिलकीतून ती खुर्ची वजा करतो. मी कार्टचं लिखाण जसंच्या तसं उचललं होतं, तेव्हा चिठ्ठीही आपोआप आली. जगात कुठेही कुणी नुसतं हृदय दाबलं, की इकडे काकांच्या हातात नाव, पत्ता, खुर्ची आणि वर ठळक अक्षरांत "बाजूला ठेवा". आणि काका हे काकाच. त्यांनी ठेवली. दंतवैद्याची रांग तर त्यांनी खिडकीशी, उजेडात मांडली होती, रोग्यांना बरं वाटावं म्हणून.

मी हसत हसत म्हणालो, काका, चिठ्ठ्या सोडा, ही माणसं काही येणार नाहीत, नुसतं मनात आलं म्हणून दाबलंय त्यांनी. काका उठले. गुडघे झटकले. आणि मला म्हणाले, "आपल्या दुकानाने ठेवतो म्हटलं आणि ठेवलं नाही, असं कधी झालंय? ताईंनी एकदा तरी केलंय असं?"

ताई, काका रस्त्यापलीकडे. दुकानाच्या आतल्या खोलीत ते कधी आलेले नाहीत. त्यांची अशी ठाम समजूत आहे की ती खोली तू लोकांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्यांनी भरलेली आहे. (तिथे भावोजींची पंक्चर सायकल आणि रिकामी खोकी आहेत, हे तुला आणि मला माहीत.) ते पुढे म्हणाले, की त्यांना मधे दुसरीकडून बोलावणं आलं होतं, पण ते गेले नाहीत. कामं सगळीकडे मिळतात, बोललेलं पाळणारी माणसं मिळत नाहीत. हे ते मला सुनवायला म्हणत नव्हते, अगदी साधेपणाने, सुतळीचं भेंडोळं गुंडाळता गुंडाळता म्हणत होते. लहानपणापासून तुझी एखादी तरी लबाडी चव्हाट्यावर मांडायची संधी मी शोधत आलो आहे. ती अशी समोर उभी होती, आणि मी ती सोडून काकांच्या सुतळीचं दुसरं टोक धरलं. मला तुझा अभिमान वाटत होता. खोट्या गोष्टीचा का होईना, पण खरंच वाटत होता.

मग उरला एकच मार्ग. एकेकाला फोन करून, चूक झाली, खुर्ची ठेवलेली नाही, असं सांगून टाकायचं. मी फोन घेतला आणि पहिला नंबर लावला. पण काका समोरच हाताची घडी घालून उभे. त्यांच्यादेखत "ठेवलेली नाही" कसं म्हणणार? माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार, तुमची खुर्ची बाजूला ठेवली आहे. कधी येताय?" पलीकडचा गृहस्थ हळूच म्हणाला, "खरंच ठेवलीत?" मी फोन काकांच्या हातात दिला. काकांनी खुर्ची कुठल्या रांगेत आहे, कोणत्या अंगाला आहे, वर कापड घातलं आहे, सगळं सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन हजर. पुढे काय सांगू? कुणी लाजेकाजेस्तव आलं, कुणी नुसतं बघायला आलं आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी पाहून विरघळलं. दंतवैद्य स्वतः टेम्पो घेऊन आला. एका बाईंनी दोनदा विचारलं, की माझ्यासाठी? नक्की माझ्यासाठीच ठेवलीत? ज्यांना नकोच होती त्यांनी नाही म्हटलं, आणि काकांनी त्यांची चिठ्ठी स्वतःच्या हाताने, जराही न रागावता सोडली. ज्यांना फोन केला त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी खुर्च्या नेल्या. आता तुझा तो सिद्धान्त काढ, घरी विचारायला गेलेला माणूस घरीच राहतो म्हणे! तो घरी राहतो, कारण त्याला कुणी परत बोलावत नाही.

शिल्लक मी नीट जुळवली आहे. आता हृदय दाबलं की खुर्ची आठवडाभर खरीच बाजूला राहते, त्यानंतर काका फोन करतात, नाही म्हटलं तर सुटते. वेबसाइटवर मी खाली लिहून टाकलं आहे, "आम्ही ठेवतो म्हणजे ठेवतो." हे वाक्य तुझंच आहे, असं काका सांगतात. मी एवढंच म्हणेन, की मला इथे बसायला आवडू लागलं आहे. सकाळी शटर वर करताना आज कोण येईल असं कुतूहल वाटतं. असं मला कुठल्याच धंद्यात वाटलं नव्हतं, माशांतसुद्धा नाही. तू सोमवारी येशील तेव्हा तुझ्या डोळ्यांनी बघ आणि मगच काय ते ठरव.

भाचीला आशीर्वाद, बाळाच्या नाकावरून एक बोट फिरव, आणि भावोजींना सांग की सायकल आहे तिथेच आहे.

मोठ्या बहिणीच्या धाकात आणि (अजून तरी) तिच्याच दुकानात असलेला,
तुझा धाकटा

ता. क. मिस्त्रींनी डुलत्या खुर्च्या वेळेआधीच पाठवल्या. तेव्हा गोदाम चिठ्ठ्यांच्या खुर्च्यांनी भरलेलं असल्याने त्यांतल्या बऱ्याचशा तात्पुरत्या तुझ्या दिवाणखान्यात ठेवल्या आहेत. बसायला ऐसपैस जागा आहे, उभं राहायला नाही. बाळाला मात्र मजा येईल. कुठूनही हात लागला तरी सगळा दिवाणखाना डुलतो.

ता. क. दुसरा. आता मन घट्ट कर. चाचणीसाठी ज्या दोन वस्तूंचे फोटो टाकले म्हणालो, त्यांतली एक तुझी खुर्ची होती. हो, काउंटरमागची, तू बसतेस ती. तिच्यावर हृदय पडलं आहे. मुख्याध्यापिका बाईंचं. त्यांनी डाव्या हातावरच्या लाकडातली गाठ बघून खुर्ची ओळखली. म्हणाल्या, नोकरीला नवीनच लागल्या होत्या तेव्हा आपल्या दुकानात आल्या होत्या, हीच खुर्ची आवडली होती, "ठेवा, पगार झाला की येते" असं म्हणाल्या होत्या, आणि तू "ठेवते की" म्हणाली होतीस. मग त्यांची बदली झाली. परवा त्यांनी काकांना विचारलं, अजून ठेवली आहे का हो? काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ताई. ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत, की दुसऱ्या कुणी मागू नये म्हणून ताई इतकी वर्षं स्वतः तिच्यात बसून राहिल्या. बाई रविवारी येणार आहेत. तू सोमवारी. तेव्हा एक तर आजच काकांना फोन करून सांग, की आपल्याकडे "ठेवते" म्हणजे ठेवणं नव्हे, नाहीतर खुर्ची सोड. मधला मार्ग मी पुष्कळ शोधला. तिथे काका उभे आहेत.

ता. क. तिसरा आणि खरा. दुसरी वस्तू म्हणजे तिच्या शेजारचं लाकडी स्टूल, ज्यावर मी सध्या बसतो. (तुझ्या खुर्चीत मी एकदाही बसलेलो नाही, काकांना विचार.) त्यावर माझ्या नावाने दाबलेलं हृदय पुसायचं राहून गेलं, आणि काकांनी त्यालाही चिठ्ठी बांधली आहे. त्यांनी काल फोन केला होता, चार हातांवरून, अगदी नियमाप्रमाणे: तुमचं स्टूल ठेवलं आहे, कधी येताय? मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. ताई, ते स्टूल ठेव. मी घरी विचारलं आहे. तुझी भावजय हो म्हणाली.